नांगर घसरतो म्हणून जड जुना नांगर शोधताय? आधी हे बघा

तक्रार साधारण अशी असते. बोट अठ्ठावीस-तीस फुटांची, शिडाची. नांगर बोटीबरोबरच आलेला, दहा-बारा किलोचा. दिवसा काही त्रास नाही, पण रात्री कधीतरी तो घसरतो आणि सकाळी बोट भलत्याच जागी उभी दिसते. दोन-तीनदा असं झालं की माणूस ठरवतो: हे नवे हलके प्रकार पुरे झाले, आता जुन्या पद्धतीचा, आडव्या दांडीचा, चांगला दणकट नांगर आणायचा. दीपस्तंभाच्या चित्रात असतो ना, तसा.

मी दोन हिवाळे हाच शोध घेतला. नांगर मिळाला, अस्सल, अठ्ठावीस किलोंहून थोडा जास्तच. आणि पहिल्याच रात्री जयगडच्या खाडीत तो घसरला.

म्हणून हा नांगर कुठे मिळतो ते मी नंतर सांगणार आहे. आधी तुमचा आहे तो नांगर का घसरतो ते बघू. बऱ्याच वेळा नवा नांगर लागतच नाही.

दोर किती सोडला होता?

मांडव्याच्या बाहेर एकदा माझी बोट पहाटे सरकत सरकत एका मच्छीमार होडीला जाऊन भिडली. त्या होडीच्या तांडेलांनी, म्हणजे होडीच्या प्रमुखांनी, हातानंच माझी बोट बाजूला लोटली, शिव्या दिल्या नाहीत, फक्त विचारलं, “दोर किती सोडलाय?” मी म्हटलं, पंधरा मीटर. “आणि सोडला कधी?” संध्याकाळी. “म्हणजे सुकतीला,” ते म्हणाले आणि चहा करायला आत गेले.

हिशेब त्यांनी मनात केला होता, मला कागद लागला. संध्याकाळी ओहोटी पार उतरलेली, इको साउंडरवर, म्हणजे खोली मोजायच्या यंत्रावर, पाणी तीन मीटर. पाण्याच्या पाचपट दोर सोडायचा हे पुस्तकी गणित मला पाठ होतं, म्हणून पंधरा मीटर. पण मुंबईच्या आसपास उधाणाला भरती-ओहोटीत साडेचार मीटरच्या जवळपास फरक पडतो. त्या दिवशी तो चार मीटर धरू. म्हणजे मध्यरात्रीनंतर पाणी झालं सात मीटर. त्यात पाण्यापासून नाळेवरच्या (बोटीच्या पुढच्या टोकावरच्या) रोलरपर्यंतची उंची एक मीटर, ती मी विसरलोच होतो. एकूण आठ. आठ मीटर उंचीला पंधरा मीटर दोर म्हणजे दुप्पटसुद्धा नाही. दोर जवळजवळ उभाच झाला होता आणि प्रत्येक लाटेबरोबर बोट नांगराला वर उपटत होती. असल्या ओढीपुढे पन्नास किलोचा नांगरही टिकला नसता.

तेव्हा उंची मोजायची ती भरतीची, आणि रोलरपासून. सगळी साखळी असेल तर त्याच्या निदान चौपट-पाचपट, थोडी साखळी आणि पुढे दोर असेल तर सातपट. वरच्या उदाहरणात चाळीस मीटर साखळी लागत होती. दक्षिणेला जावं तसा भरतीचा फरक कमी होत जातो, गोव्यात तो दोन मीटरच्या आसपास राहतो, त्यामुळे तिकडे शिकलेला माणूस मुंबईत हमखास फसतो. उलटंही होतं: मुंबईकर मालवणात गरजेपेक्षा जास्त साखळी सोडतो आणि शेजारच्या होडीभोवती गिरकी घेतो.

एवढं दुरुस्त करूनही नांगर घसरत असेल, तरच पुढे वाचा.

वर आलेल्या नांगराकडे नीट बघा

घसरलेला नांगर माणूस चिडून वर ओढतो, बादलीभर पाणी मारतो आणि पुन्हा टाकतो. त्या बादलीच्या आधीचं अर्धं मिनिट महत्त्वाचं. फाळ, म्हणजे नांगराची तळात रुतणारी पाती, अगदी स्वच्छ, धुतल्यासारखे आले, तर नांगर तळात रुतलाच नव्हता. एकतर दोर कमी होता, किंवा तळ कठीण आहे, खडप आहे, म्हणजे खडकाळ. फाळांवर चिखलाचा मोठा गोळा आला तर रुतला होता, पण मऊ चिखल चिरत चिरत ओढला गेला. तिथे फाळांचा पसारा कमी पडतोय. टोकावर प्लास्टिकची पिशवी किंवा जाळ्याचा तुकडा टोपीसारखा चढलेला असेल तर कुठल्याच नांगराचा दोष नाही. मुंबई बंदरात हे इतक्या वेळा होतं की मी आता नांगर टाकून, दहा मिनिटांनी इंजिन मागे लावून ताण दिल्याशिवाय स्वयंपाकाला हात लावत नाही. ताण देताना किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या, माडामागची पाण्याची टाकी वगैरे. त्या रेषेत राहिल्या तर नांगर धरला.

आणि चौथा प्रकार: साखळीचा वेढा नांगरालाच पडलेला. त्याकडे जयगडच्या गोष्टीत येतो.

तळ कसला आहे हे टाकण्याआधी कळलं तर अर्धा त्रास वाचतो. देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या नकाशांवर खोलीच्या आकड्यांजवळ अक्षरं असतात, ‘एम’ म्हणजे चिखल, ‘एस’ वाळू, ‘आर’ खडक. पण नकाशावरचं एक अक्षर मोठ्या पट्ट्यासाठी असतं, तुम्हाला हवी असते तुमच्या नाळेखालची जागा. त्यासाठी जुनी युक्ती अजून चालते: दोरीला शिशाचा गोळा, गोळ्याच्या बुडाला खाच, खाचेत थोडं ग्रीस. तळाला टेकवून वर घ्या. वाळू चिकटून येईल, चिखल येईल, नाहीतर काहीच न येता ग्रीसवर ओरखडा दिसेल. ओरखडा म्हणजे खडप.

वजन धरत नाही, फाळ धरतात

बोटीला लागणारी ओढ किती असते? अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या तक्त्यात तीस फुटी बोटीसाठी ३० नॉट वाऱ्याला ७०० पौंड धरले आहेत, म्हणजे ३१८ किलोच्या आसपास. पंधरा नॉटला याचा चौथा हिस्सा; वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो. हा तक्ता आकडे जरा जास्तच धरून केलेला आहे, तरी मुद्दा कळतो. तीनशे किलोच्या ओढीसमोर नांगराचं स्वतःचं वजन बारा किलो असलं काय आणि तीस असलं काय, नुसत्या वजनावर बोट थांबत नाही. नांगर तळात शिरला पाहिजे आणि शिरल्यावर त्याच्या फाळांसमोर भरपूर माती आली पाहिजे. वजनाचा उपयोग मुख्यतः शिरण्यापुरता.

नव्या नांगरांचा सगळा इतिहास याच एका गोष्टीभोवती फिरतो. १९३३ मध्ये जेफ्री इंग्राम टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञानं शेतातल्या नांगरासारखा फाळ असलेला ‘सीक्यूआर’ काढला. (इंग्रजीत त्याला ‘प्लाऊ अँकर’ म्हणतात. आपण मराठीत काय म्हणणार, नांगरी नांगर?) मग दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास डॅनफर्थ आला, दोन रुंद चपटे फाळ, सैन्याच्या बोटींसाठी. पुढे ब्रूस, डेल्टा, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत स्पेड, रॉक्ना वगैरे. सगळ्यांचा प्रयत्न एकच: कमी लोखंडात मोठा फाळ, आणि तो कसाही पडला तरी रुतला पाहिजे.

जुन्या आडव्या दांडीच्या नांगराचं, ज्याला बाहेर ‘फिशरमन’ किंवा ‘ॲडमिरल्टी’ म्हणतात, नेमकं उलट आहे. लोखंड भरपूर, फाळ तळहाताएवढे. त्यातला एकच फाळ तळात जातो, दुसरा वर आकाशाकडे. मऊ चिखलात तो लोण्यातल्या सुरीसारखा चालत जातो. चिखलात बारा-पंधरा किलोच्या चांगल्या नव्या नांगराची बरोबरी करायची तर हा दुप्पट-तिप्पट वजनाचा घ्यावा लागतो, आणि तेव्हाही मी पैज लावणार नाही. मुंबई बंदर, राजपुरीची खाडी, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग: आपल्याकडच्या आडोशाच्या जागा बहुतेक नदीच्या मुखाशी, म्हणजे चिखलाच्याच. इथल्या घसरण्यावर उपाय म्हणून हा नांगर शोधत असाल, तर शोध इथेच थांबवा आणि त्या पैशात एक नंबर मोठा नवा नांगर व जास्त साखळी घ्या.

मग हा नांगर हवा कशाला? खडपासाठी. आणि शेवाळाच्या दाट गालिच्यासाठी. रुंद फाळ खडपावर ताटासारखे घसरतात, शेवाळावर नुसते तरंगतात. याचं अरुंद टोकदार बोट मात्र शेवाळ भेदून खाली जातं, दगडाच्या भेगेत अडकतं, आणि मागचं वजन ते तिथेच ठेवतं. हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आसपास, मालवणात सिंधुदुर्गाच्या भोवती, वेंगुर्ल्याच्या खडकांच्या बाजूला माझा नवा नांगर कितीदा नुसताच खणखणत गेला. साखळीला हात लावला की तो खणखणाट बोटांना कळतो, चिखलातला घसरणारा नांगर असा वाजत नाही. आपले मच्छीमार खडपावर चार काट्यांचा नांगर टाकतात तो याच कारणानं.

मालवणबद्दल एक सांगून ठेवतो. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि पाण्याखाली प्रवाळ आहे. अठ्ठावीस किलोचं टोकदार लोखंड प्रवाळावर टाकणं म्हणजे काचेच्या दुकानात पहार टाकणं. स्थानिक होडीवाल्याला जागा विचारा, तो सांगेल.

जयगडची रात्र

तर मी नवा-जुना नांगर घेऊन जयगडला शास्त्री नदीच्या मुखात शिरलो. दोर पुरेसा, हिशेब भरतीचा, ताण देऊन बघितलं, घट्ट. जेवलो, झोपलो. पहाटे तीनच्या सुमारास बोटीचा आवाज बदलला. ज्यांना बोटीवर झोपायची सवय आहे त्यांना हे कळेल, पाणी अंगावरून जाण्याचा आवाज एकदम थांबतो. वर आलो तर धक्क्यावरचे दिवे चुकीच्या बाजूला.

नांगर वर घेतला तेव्हा कोडं सुटलं. वरच्या फाळाला साखळीचे दोन वेढे बसलेले होते आणि नांगर त्या वेढ्यांनी उलटा टांगलेला, जाळ्यात शेपटीनं अडकलेल्या माशासारखा. झालं असं: संध्याकाळी प्रवाह आत जात होता, बोट त्या बाजूला. सहा तासांनी प्रवाह फिरला, बोट नांगराला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली, आणि जाताना तिनं तळावरून साखळी ओढत नेली ती थेट वर उभ्या राहिलेल्या फाळावर. त्यात पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा, वारा सुटला, बोट आणखी थोडी फिरली, दुसरा वेढा. ताण आला तो आता दांड्याच्या टोकाच्या कडीतून नव्हे, फाळातून. नांगर उपटला गेला.

हा या नांगराचा जन्मजात दोष आहे आणि तो वजन वाढवून जात नाही. जिथे प्रवाह दर भरतीला दिशा बदलतो तिथे हा एकटा टाकून झोपू नये. टाकायचाच तर दोन नांगर, एक प्रवाहाच्या वर, एक खाली, म्हणजे बोट मध्ये राहते आणि साखळी फाळावरून फिरत नाही. नाथानिएल हेरेशॉफ या अमेरिकन बोट-रचनाकाराच्या नावाचा जो प्रकार आहे त्यात फाळ समभुज चौकोनासारखे, टोकाकडे निमुळते केलेले असतात, त्यावरून साखळी बऱ्याचदा निसटून जाते. चपट्या, कुदळीसारख्या पसरट फाळांचा नांगर मिळत असेल आणि हेरेशॉफ धाटणीचा मिळत असेल, तर डोळे मिटून दुसरा घ्या.

आता शोध

खडपासाठीच हवा हे नक्की झालं असेल तर पुढचा अडथळा असा की हा नांगर दुकानात मिळत नाही. दुकानात मिळतात ते घडीचे छोटे चार काट्यांचे, रबरी बोटीसाठी ठीक. आणि मिळतात ते शोभेचे.

शोभेच्यांनी मला दोनदा फसवलं. एक तर हॉटेलच्या दारात ठेवायला बनवलेला होता, हे मला घरी आणल्यावर, एका मित्रानं उभ्या दांड्यावर हातोडी मारली तेव्हा कळलं. अस्सल घडीव लोखंड हातोडीनं घंटेसारखं वाजतं. माझा नांगर मातीच्या मडक्यासारखा ‘ठप्’ वाजला. ओतीव होता. ओतीव लोखंड वजनाला भरतं, पण खडपाच्या भेगेत अडकून आडवा ताण आला की कडकन मोडतं. तो आता आमच्या सोसायटीच्या फाटकाशी आहे, पोरं त्यावर बसतात.

मला अखेर मिळाला तो मुंबईतल्या दारूखान्यात. रे रोड स्टेशनवरून बाहेर पडून बंदराच्या दिशेनं गेलं की जुन्या जहाजांच्या सुट्या भागांचा, साखळ्यांचा, दोरांचा तो बाजार लागतो. गुजरातेत अलंगला, जिथे जुनी जहाजं तोडतात, तिथेही असा माल आहे, पण तिथून आणण्याचा खर्च एका नांगरासाठी परवडत नाही. दारूखान्यात पहिल्यांदा जाल तर जो तो तुम्हाला दाखवेल तो जहाजी नांगर: आडवी दांडी नसलेला, फाळ बिजागरीवर हलणारा, कधी दोनशे किलोचा तर कधी दोन टनांचा. त्याचंच पिल्लू, तीस-चाळीस किलोचं, समोर ठेवून “हाच घ्या साहेब, जहाजाला चालतो तर तुमच्या बोटीला काय” असं सांगतील. घेऊ नका. जहाज त्याच्यावर थांबतं ते टनावारी वजनामुळे आणि शेकडो मीटर साखळीमुळे. लहान मापात तो सगळ्या नांगरांत वाईट धरतो. जहाजांवर तो असतो कारण नळीतून सरळ वर ओढून ठेवता येतो, एवढंच.

माझा नांगर एका दुकानाच्या मागे, गंजलेल्या शॅकलच्या (साखळी जोडायच्या कड्यांच्या) ढिगाखाली होता. आडवी दांडी दांड्याला लागून दुमडलेली, त्यामुळे दुकानदाराला तो नांगर वाटतच नव्हता, तो त्याला ‘रॉड’ म्हणत होता. दांड्यावर गंज खरवडल्यावर तीन आकडे दिसले: ०-२-७. “पार्ट नंबर आहे साहेब.” नव्हता. जुन्या ब्रिटिश नांगरांवर वजन असं कोरायची रीत होती, हंड्रेडवेट, क्वार्टर, पौंड. एक हंड्रेडवेट ११२ पौंडांचा, क्वार्टर २८ पौंडांचा. म्हणजे शून्य हंड्रेडवेट, दोन क्वार्टर, सात पौंड: ५६ अधिक ७, त्रेसष्ट पौंड, २८.६ किलो. काट्यावर ठेवला तर सव्वाअठ्ठावीस भरला; तीनशे-साडेतीनशे ग्रॅम गंजानं खाल्लेले. म्हणजे आतून शाबूत. ही वजन कोरायची सवय बरीच जुनी आहे, इटलीत नेमी तळ्यातून रोमन जहाजांबरोबर जो नांगर निघाला त्याच्यावरही वजन कोरलेलं होतं आणि त्याची आडवी दांडीही काढता येण्यासारखी होती. इंग्रजांच्या आरमारानं १८४१ मध्ये जो नमुना ठरवला तो फार मोठा शोध नव्हता तर.

कोरलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यांत किलो-दोन किलोचा फरक दिसला तर मात्र नको म्हणा. गंज सगळीकडे सारखा खात नाही, जिथे जोड आहे तिथे आधी खातो.

घेण्याआधी मी हातोडी घेऊन बसतो. दांड्यावर, फाळ धरणाऱ्या दोन्ही हातांवर, आणि दोन हात दांड्याला मिळतात त्या बुडावर, तिन्ही ठिकाणी आवाज सारखा यायला हवा. बुडाशी आवाज बदलला तर तिथे तडा आहे किंवा कुणीतरी वेल्डिंग करून मोडकं जोडलंय. वेल्डिंगवर रंगाचे जाड थर असतात, त्यावरून संशय घ्यावा. फाळांची टोकं झिजून गोल झाली असतील तर घाबरू नका, कानशीनं धार करता येते, आणि करायलाच हवी. बोथट टोकाचा हा नांगर म्हणजे फक्त वजन.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते आडव्या दांडीकडे. या नांगराची अक्कल त्या दांडीत आहे. नांगर तळावर आडवा पडतो तेव्हा दोन्ही फाळ जमिनीवर लोळत असतात. साखळीचा ताण आला की लांब दांडी उभी राहू शकत नाही, ती सपाट होते, आणि सपाट होताना नांगराला फिरवून एक फाळ खाली आणते. त्यासाठी ती दोन फाळांच्या टोकांमधल्या अंतरापेक्षा चांगलीच लांब हवी, साधारण उभ्या दांड्याएवढी. कुणी तिचं टोक कापून टाकलेलं असतं, कुणी मूळ दांडी हरवून पाण्याचा पाइप घातलेला असतो. असा नांगर तळावर कुशीवर झोपून राहतो आणि बोटीमागून फरफटत येतो, फाळ मातीला लागतच नाहीत. मोजपट्टी घेऊन जा. आणि दांडी जागेवर धरणारी पाचर बघा, ती बहुतेक वेळा नसतेच. माझ्या नांगरालाही नव्हती. दुकानदारानं खिळा घालून दिला, तो हर्णैला दुसऱ्याच दिवशी गळून पडला, दांडी सरकली आणि नांगर कुशीवर. नंतर मी लोखंडाची निमुळती पाचर करून घेतली आणि ती नांगरालाच बारीक साखळीनं बांधून टाकली.

मिळालाच नाही तर करून घेता येतो. मच्छीमार बंदरांशी लोहार आणि वेल्डर असतातच, चार काट्यांचे नांगर ते रोज करतात. आडव्या दांडीचा करायला सांगाल तर मापं तुम्ही द्या, आणि हात व दांडा यांचा जोड बुडाशी नुसता टेकवून न जोडता आरपार घालून, दोन्ही बाजूंनी वेल्ड करायला सांगा. खरं सांगायचं तर तीस फुटाखालच्या बोटीला, फक्त खडपासाठी, त्यांचा चार काट्यांचा नांगरच पुष्कळ होतो. त्याला वरचा फाळ असतोच, वेढेही पडतात, पण दुपारचे चार तास थांबायला काय लागतं? मला जुन्या नांगराचं वेड होतं म्हणून मी दारूखान्यात गेलो, हे कबूल करतो.

घरी आणल्यावर

गंज वाळूच्या फवाऱ्यानं साफ करून गरम जस्ताच्या टाकीतलं गॅल्व्हनायझिंग. थंड जस्ताचा स्प्रे खडपावर एका फेरीत निघून जातो. दांडी आणि पाचर वेगळी करून द्या, नाहीतर जस्तानं सगळं एकजीव होऊन परत येईल.

मग साखळी. ८ मिलीमीटरची साखळी मीटरला १.४ किलोच्या आसपास भरते. आठ मीटर पाण्यात टांगलेला हा नांगर हातानं ओढायचा म्हणजे पस्तीस-चाळीस किलोच्या घरात, पाठ सांभाळा. विंडलास, म्हणजे साखळी ओढायचं यंत्र, असेल तर साखळी घेताना जाडीच नाही, कड्यांची लांबीही बघा. आपल्याकडे हार्डवेअरमध्ये मिळणारी पुष्कळशी साखळी लांब कड्यांची असते, ती विंडलासच्या जिप्सीवर, म्हणजे साखळी धरणाऱ्या खाचांच्या चाकावर, दोन फेऱ्यांत उडी मारते. डिन ७६६ या जर्मन मानकाची ८ मिलीमीटर साखळी असेल तर दहा कड्या ताणून बाहेरून बाहेर मोजल्यावर २५६ मिलीमीटर भरायला हव्यात. दहा मिलीमीटरमध्ये दोन मापं चालतात, डिनच्या दहा कड्या ३०० आणि आयएसओ ४५६५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ३२०, आणि जिप्सीला यांतलं एकच जमतं. दुकानात उभं राहूनच मोजा. शॅकलची पिन घट्ट केल्यावर तारेनं बांधा, ती रोजच्या हेलकाव्यांनी आपोआप उलगडते.

हा नांगर नाळेवर ठेवायच्या भानगडीत पडू नका, दांडी सगळीकडे अडकते. पाचर काढली की दांडी उभ्या दांड्याशी दुमडते, मग बोटीच्या पोटात, मधोमध, फळीखाली बांधून ठेवा. नाळेवर रोजचा नवा नांगर. मी वर्षातून पाच-सहा वेळा हा बाहेर काढतो.

खडपावर टाकताना एक गोष्ट सोडू नका. भेगेत गेलेला फाळ कडीकडून ओढून निघत नाही, बुडाकडून, उलट्या दिशेनं काढावा लागतो. बुडाशी एक वेगळी दोरी बांधा, भरतीच्या वेळच्या खोलीइतकी लांब, आणि तिच्या टोकाला बोया. मी पहिल्यांदा भगव्या रंगाचा सुंदर बोया लावला. मालवणात दुपारी जेवत होतो तर एक पर्यटकांची होडी आली, तिच्या पोऱ्यानं तो बोया उचलून खुंटाला गुंडाळला, बांधायची जागा समजून. आम्ही दोघंही एकाच नांगरावर उभे, आणि माझा नांगर त्यांनी उलटा ओढून हळूच सोडवलेला. आता बोयावर काळ्या रंगात चारी बाजूंनी लिहिलंय: “खाली नांगर आहे, बांधू नये.”